पाठीवरचं नाव

माझ्या दिराला हातात वस्तू दिलेली चालत नसे. फेकावी लागे. पाण्याचा गडवा सोडून सगळं. भाकरी, कांदा, साबणाची वडी, किल्ली, चपला. मी चुलीपुढं बसलेली असायची आणि ते दारात उभे. "वहिनी, फेका," म्हणायचे. तव्यावरून उतरलेली भाकरी मी तशीच भिरकावायची आणि ती त्यांच्या हातात न तुटता बसायची. एकदा चिडून मी अंडं फेकलं. तेही झेललं, आणि वर मला म्हणाले, "जरा उजवीकडं फेकायचं होतं. उडी माराले भेटली असती."

हा माणूस एका देशाचा गोलकीपर होता. आपल्या देशाचा नव्हे, दुसऱ्या. समुद्रातला इवलासा देश. त्याचं नाव मला अजून नीट घेता येत नाही, आणि चुकीचं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं. माझ्या थोरल्या मुलीनं शाळेच्या नकाशात दाखवला तेव्हा मला वाटलं, माशी बसून गेली. भाऊजी म्हणायचे की आपल्या पांढरकवड्याच्या बाजाराला जेवढी माणसं जमतात तेवढी तिथं असतील नसतील. आता एवढ्या देशात अकरा खेळणारे शोधायचे म्हणजे कठीणच. म्हणून त्यांनी एक आमच्याकडचा घेतला.

नावाचं निघालंच आहे तर आणखी एक नाव मी इथं लिहिणार नाही, माझ्या सासऱ्याचं. ही सगळी हकिगत त्या नावाची आहे, तरी नाही. सून सासऱ्याचं नाव घेत नाही. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण जीभ काही वळत नाही आणि हातही वळत नाही. एवढं सांगते की नाव लहान आहे, तीन अक्षरांचं, लांबून हाक मारायला सोयीचं.

मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी शाळेत होते आणि त्यांच्या नाकातून शेंबूड वाहत होता. तरी रीतीप्रमाणे मी त्यांना अहो-जाहो करायची. "भाऊजी, नाक पुसा," असं आमचं बोलणं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होते. हिवाळ्यात जिनच्या आवारात कपाशीच्या गंज्या लागायच्या, दोन पुरुष उंच. मोहल्ल्यातली पोरं कुंपणाच्या भिंतीवर चढून त्या गंज्यांत उड्या टाकायची. मामाजी छडी घेऊन धावायचे, कारण कापूस तुडवला की त्यात माती जाते, काडीकचरा जातो, आणि शेटजी मुकादमाला बोलतो. बाकीची पोरं पायावर उडी मारायची. आमचे भाऊजी आडवे पडायचे. कुशीवर, दोन्ही हात लांब करून, जसं काही कुणी पुढं फेकलंय आणि ते निसटून चाललंय. पायावर उडी मारलेली पोरं पळून जायची. हे कापसात रुतून बसलेले असायचे. म्हणून मार त्यांनीच जास्त खाल्ला.

पुढं मोठेपणी मी त्यांना विचारलं होतं की जगात इतके गोलकीपर, तुमच्यात वेगळं काय आहे? त्यांनी विचार करून सांगितलं की पडताना माणूस आधी हात टेकवतो, स्वतःला सांभाळायला. हात टेकवला की चेंडू गेला. "मले ते टेकवणं जमतच नाई, वहिनी. मले अजूनही खाली कापूसच वाटते." खाली कापूस नव्हता. गळ्याचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या, आणि बोटांचं तर काय सांगू. उजव्या हाताचं एक बोट घाटंजीकडं बघायचं आणि दुसरं वणीकडं.

आमच्या मालकांचं हायवेवर पंक्चरचं दुकान होतं. नागपूरहून हैदराबादला जाणारे ट्रक तिथं थांबायचे. भाऊजी अशाच एका ट्रकात बसून हैदराबादला गेले. घरी सांगितलं, मिस्त्रीच्या हाताखाली काम आहे. ते खरंही होतं. तिथून एका ठेकेदारानं त्यांना त्या देशात नेलं, हॉटेलं बांधायला. संध्याकाळी तिथं मजुरांचा फुटबॉल चालायचा. गोलात उभं राहायला कुणी तयार नसायचं, कारण तिथं पळायला मिळत नाही आणि शिव्या मात्र मिळतात. हे उभे राहिले. मग तिथल्या एका क्लबानं त्यांना उचललं. काही वर्षं काढल्यावर सरकारनंच विचारलं, आमचे होता का? भाऊजी झाले. इथला पासपोर्ट परत द्यावा लागला. मामाजींना हे कळलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं जेवले, पण बोलले नाहीत.

तो देश जिंकायचा नाही, हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, एवढं विमानानं जातात येतात म्हणजे जिंकत असतील. एकदा ते महिनाभर राहायला आले तेव्हा चौकात कुणी विचारलं, काय निकाल लागला? भाऊजींनी सांगितलं, सात शून्य. विचारणाऱ्याला वाटलं, सात आपले. हे म्हणाले, नाही, शून्य आपलं. चौक हसला. भाऊजींना त्याचं काही नव्हतं. म्हणायचे, "गेले ते सात लोकाइले दिसते. आले किती ते कोणी पुसत नाई."

त्या मुक्कामात त्यांची एक नवीन खोड दिसली. घरात शिरताना दोन्ही हातांनी दाराच्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना थोपटायचे. आधी डावी, मग उजवी. बाहेर जातानाही. संडासाच्या दाराला सुद्धा. सासूबाई घाबरल्या. तिकडं समुद्रात कुणी करणी केली असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्यांनी लिंबू उतरवून टाकलं. ते लिंबू भाऊजींनी हवेतच झेललं. मग हसून सांगितलं की गोलाचे दोन खांब असतात, मॅच सुरू व्हायच्या आधी मी त्यांना थोपटतो. बाकीचे सगळे पळतात, इकडं जातात, तिकडं जातात. ते दोघं तेवढे माझ्यासारखे जागेवर राहतात. सासूबाई म्हणाल्या, "मंग लग्न कर. तेही जाग्यावर राह्यते." त्यांनी केलं नाही.

गेलेला प्रत्येक गोल त्यांना पाठ होता. अडवलेले आठवत नसत, गेलेले आठवत. त्यांना नावं दिलेली होती, ओळखीच्या माणसांची. बोळकांडीतून निसटून गेलेला तो चोरटा गोल आमच्या भाडेकरूच्या नावानं. पाऊस असताना हळूच सरपटत गेलेला सासूबाईंच्या मावशीच्या नावानं. तोंडावर आदळून गेलेला माझ्या नावानं. मी विचारलं, माझं नाव काहून? म्हणाले, "सरळ आला होता." मला राग आला नाही. खरंच होतं ते.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंड धरलं तर भाव नाही, भाव असला तर झाडावर बोंड नाही. जिनच्या दोन पाळ्यांची एक झाली, मग आठवड्यातले काही दिवस, मग गेटला कुलूप. मामाजींना लोक मुकादमच म्हणत, पण मुकादमी करायला आवारात माणूस नव्हता. रोज सकाळी ते धोतर नेसून, टोपी घालून त्या गेटापर्यंत जायचे आणि परत यायचे. चौकातले रिकामे लोक त्यांना राम राम करायचे. तेवढा मान शिल्लक होता. त्याला ते जपत होते, हे मला दिसत होतं.

अशात भाऊजींनी एका ट्रकवाल्याच्या हाती मॅचची सीडी पाठवली. शेजारच्या मास्तरांकडं ती लावायची सोय होती. अर्धा मोहल्ला जमला. मामाजींना खुर्ची दिली. मी पोरांना घेऊन भिंतीला टेकून बसले. पलीकडचा देश मोठा होता, माणसं दांडगी. मला खेळातलं काही कळत नाही. पण पहिल्यांदा भाऊजींनी झेप घेतली तेव्हा माझ्या हातातलं पोर मी घट्ट धरलं. माणूस जमिनीपासून सुटला होता. पाय नाही, हात नाही, काहीच टेकलेलं नाही, आडवा, पसरलेला, आणि चेंडू त्या वाकड्या बोटांच्या टोकाला. मग तो धाडकन पडला आणि पडल्याबरोबर उठला. पुन्हा आले. पुन्हा तेच. मला वाटलं, हा ज्याला मी नाक पुसा म्हणायची तो माणूस नव्हे. मी देवळात बसते तशी बसले होते. सांगायला लाज नाही.

तेवढ्यात ते पाठमोरे झाले आणि शर्टाच्या पाठीवर इंग्रजी अक्षरं दिसली. माझ्या थोरलीनं मोठ्यांदा वाचलं. आजोबांचं नाव.

झालं असं होतं की तिकडच्या लोकांना आपली तीन नावांची रीत ठाऊक नाही. स्वतःचं, बापाचं, मग आडनाव. आमचं आडनाव लांबलचक, त्यांच्या तोंडात मावेना. मधलं सोपं वाटलं. त्यांनी तेच उचललं आणि छापलं. त्या देशात भाऊजींना सगळे त्याच नावानं ओळखत. सीडीतही मैदानाच्या कडेला उभी असलेली चार माणसं तेच नाव ओरडत होती.

खोलीत सगळे मामाजींकडं बघायला लागले. मामाजींनी पाठ ताठ केली, टोपी सरळ केली. तेवढ्यात पहिला गोल गेला. मग दुसरा. नऊ गेले. दर वेळी ते नाव पाठमोरं वाकून जाळीतून चेंडू काढायचं. मास्तर गमतीनं म्हणाले, "मुकादम, नऊ गेले तुमच्या अंगावरून." सगळे हसले. वाईट हेतूनं नाही. पण दुसऱ्या दिवशी गेटाच्या वाटेवर प्रत्येक जण विचारू लागला. काय मुकादम, नऊ? सांभाळून चाला, मुकादम, मागून जाईल एखादा. मामाजी अर्ध्या वाटेतून परत आले आणि मला म्हणाले, चल, फोनवर.

नंबर मला पाठ होता म्हणून मला नेलं. एसटी स्टँडसमोर एसटीडीचं दुकान होतं. मी नंबर फिरवला, पलीकडं भाऊजी आले, आणि मामाजींनी माझ्या हातातून फोन घेतला. फोनवर बोलताना ते नेहमीच ओरडत, मध्ये समुद्र आहे म्हणून.

"माहं नाव काढ," ते ओरडले. "ऐकू येते का? नाव काढ माहं. आधी ते कर, बाकीचं मंग पाहू."

एवढं बोलून फोन माझ्या हातात दिला आणि ते बाहेर पडले. देश सोडला तर आता नावही सोड, असं काहीसं पुटपुटत गेले. मी फोन कानाला लावला. पलीकडं नुसती खरखर. मला वाटलं, लाइन कटली. मग भाऊजींचा आवाज आला, वेगळाच.

"वहिनी, बाबा मले नाव काढ म्हणले."

"हाव."

"मले आजवर असं कोणीच म्हणलं नाई. बाबा म्हणतीन असं तर मले सपनातही वाटलं नव्हतं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोघंही मराठीच बोलत होते. मामाजींना शर्टावरून नाव उतरवायचं होतं. भाऊजींना वाटलं, बापानं सांगितलं, माझं नाव मोठं कर. समोर मीटर पळत होतं आणि हे उलगडून सांगायला लांब बोलावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर आवाज ऐकल्यावर सांगावंसं वाटलंही नाही. मी म्हणाले, जेवण वेळेवर करत जा, आणि फोन ठेवला.

त्यानंतर भाऊजी पाच-सहा वर्षं आले नाहीत. आले नाहीत, कारण दिवसा बांधकामावर मुकादमी, संध्याकाळी सराव, आणि जी मॅच असेल तिला उभे. बोट तुटलं तरी उभे, ताप असला तरी उभे. फोनवर मला निकाल सांगायचे. बाबाले सांगा, या वेळी पाच. बाबाले सांगा, तीनच. तिथल्या शाळेतली पोरं गोलात उभी राहायला भांडतात आता, असं एकदा म्हणाले. मी मामाजींना सांगायची. मामाजी एकच विचारायचे, शर्टावर काय लिहिलंय? नाव आहे तेच आहे म्हटल्यावर त्यांचं डोकं फिरायचं. मी म्हणायची, उसवून द्यायला तिकडं शिंपी नाही. मामाजी म्हणायचे, "शिंपी नाई, तर देश कायले म्हणते त्याले?"

एकदा तर एका मोठ्या देशाशी खेळताना खांद्याचं हाड सरकलं. यांच्याकडं दुसरा गोलकीपर नव्हता. हात पोटाशी बांधून उरलेला वेळ एका हातानं काढला. मॅच संपल्यावर त्या देशाचा नामांकित खेळाडू, ज्याचे फोटो दुकानात लागतात म्हणे, तो यांच्याजवळ चालत आला आणि त्यानं आपला शर्ट काढून पुढं धरला. शर्टांची अदलाबदल करायची त्यांच्यात रीत असते. तो मान आहे. भाऊजींनी त्याचा शर्ट घेतला नाही आणि आपला दिला नाही. त्याला खुणेनं पाठ दाखवली आणि म्हणाले, हे माझ्या बापाचं नाव आहे, हे देता येत नाही. त्याला कळलं की नाही कोण जाणे. पण तो यांच्या पाया पडल्यासारखा वाकला, असं तिथून परत आलेला आमच्याकडचा एक मजूर मला सांगत होता.

ही हकिगत मी मामाजींना सांगितली. ते खाटेवर बसले होते. म्हणाले, "द्यायचा होता. तेवढंच एक उतरलं असतं."

मग तो देश आपल्याकडं खेळायला आला. हैदराबादला, आपल्या भारताच्या संघाविरुद्ध. भाऊजींनी तीन पास ठेवले आहेत असं कळवलं. मला वाटलं, मामाजी नाही म्हणतील. ते सगळ्यात आधी तयार. धोतर, टोपी, काठी. म्हणाले, "फोनवर सांगून झालं. आता तोंडावर सांगतो. नाव काढ, नाईतर घरात पाय ठेवू नको."

मी, सासूबाई आणि मामाजी एसटीनं निघालो. आदिलाबादच्या पुढं रस्ताभर मी खिडकीची दांडी धरून बसले. मला मॅचचं काही पडलं नव्हतं. मला दुसरंच दिसत होतं. हा माणूस इतकी वर्षं ज्या शब्दावर उभा होता तो शब्द आज त्याचा बापच त्याच्या पायाखालून काढून घेणार. आणि तोही मॅचच्या आधी भेटला तर? मी एकदा म्हणून पाहिलं, मामाजी, मॅच झाल्यावर सांगा. ते म्हणाले, आधी भेटला तर आधी सांगीन, त्याचा काय मुहूर्त पाहायचा आहे?

नशीब, आधी भेट झाली नाही. आम्हाला गोलाच्या मागं बसवलं. भाऊजी आले, दोन्ही खांब थोपटले, आणि आमच्याकडं न बघता उभे राहिले. मान, खांदे, सगळं रुंद झालं होतं, आणि डोक्यावर पांढरे केस. पाठीवर नाव. आमच्या आजूबाजूला सगळे आपल्या संघाचे. हा माणूस इकडचा आणि तिकडून खेळतो हे कुणाला तरी कळलं आणि शिव्या सुरू झाल्या. गद्दार म्हणाले, आणखी काय काय म्हणाले. सासूबाईंना हिंदी शिव्या कळत नव्हत्या, ते बरं झालं. मामाजींना कळत होत्या. त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली.

मग समोरचे चेंडू घेऊन येऊ लागले. आपलीच पोरं, आपलाच रंग, आणि मला वाटायला लागलं की कुठून येतात इतकी. एक आला, भाऊजी उडाले, चेंडू बाहेर. दुसरा आला, पायांनी अडवला. एकदा चेंडू खांबाला लागून परत आला आणि भाऊजी उलटे पडून त्याच्यावर झोपले. एकदा तर दोघं समोर, मध्ये कुणी नाही, आणि हे त्या दोघांच्या पायात तोंड घालून पडले. उठले तेव्हा कपाळावरून रक्त. पुसलं आणि चेंडू लांब मारला. टीव्हीवर दिसलं होतं त्यापेक्षा हे जवळून पाहणं भयंकर होतं. पडण्याचा आवाज येत होता. आणि ते दर वेळी उठायचे, जसं काही झालं नाही.

हळूहळू शिव्या थांबल्या. कधी थांबल्या ते कळलं नाही. आमच्या मागच्या एका पोरानं पाठीवरचं नाव वाचून हाक मारली. मग त्याच्या शेजारच्यानं. मग ती बाजू. मग पलीकडची बाजू. टाळ्या आणि नाव, टाळ्या आणि नाव. हजारो माणसं माझ्या सासऱ्याचं नाव घेत होती.

पहिल्यांदा ओरडले तेव्हा मामाजी दचकून "ओ" म्हणाले आणि अर्धे उठलेच. कुणी बोलावलं म्हणून मागं वळून बघायला लागले. मी त्यांना खाली बसवलं. सासूबाईंची तऱ्हा निराळी. जन्मभरात त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. शेजारच्या पोरी त्यांना हलवून म्हणत होत्या, अम्मा, चिल्लाओ. सासूबाईंनी पदर डोक्यावरून असा पुढं ओढला, जसं काही कालच लग्न झालंय. आतून म्हणाल्या, "सगळ्याइच्या समोर काय हे?" पण हसत होत्या.

मामाजी हसत नव्हते. ते भाऊजींकडं बघत होते. काठी गुडघ्यांवर आडवी पडली होती.

अगदी शेवटी एक गोल गेला. डावीकडून, खालून, तिघांच्या पायांतून. भाऊजी झेपावले, बोट लागलं, पण गेला. तो आवाज होता तो एकदम बंद झाला. आपला संघ जिंकला होता आणि आपले लोक चूप. भाऊजींनी वाकून जाळीतून चेंडू काढला. आम्हाला ते नाव अगदी जवळून दिसलं. मग शिट्टी झाली आणि त्या इवल्याशा देशाची माणसं धावत आली आणि यांना खांद्यावर घेऊन नाचायला लागली. हरल्यावर नाचणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली. त्यांच्यासाठी एक म्हणजे काहीच नव्हतं.

बाहेर त्यांची बस उभी होती. आम्ही तिच्याजवळ थांबलो. मामाजी मध्ये, टोपी नीट केलेली. मला माहीत होतं ते कशासाठी थांबले आहेत. आता बोलून उपयोग नव्हता.

भाऊजी आले. कपाळाला पट्टी, अंगात तोच शर्ट, डाव्या कुशीला हिरवा-काळा चिखल. आईला बघून हसले आणि सरळ बापाच्या पायाशी वाकले. वाकल्यावर पाठीवरची अक्षरं मामाजींच्या डोळ्यांसमोर आली, वितीवर. मामाजींना इंग्रजी येत नव्हतं, पण ती अक्षरं त्यांना पाठ झाली होती. त्यांनी तोंड उघडलं.

त्यांच्या आधी भाऊजीच बोलले. खाली वाकलेलेच होते.

"तुम्ही सांगतलं होतं ना बाबा, नाव काढ म्हणून. दुसरं काहीच डोक्यात ठेवलं नाई मी. पण एक गेला."

मामाजींनी उघडलेलं तोंड मिटलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी बसच्या चाकाकडं पाहिलं. माझे सासरे मंद नव्हते. चार-दोन शब्दांत हमालाच्या पोटातलं ओळखणारा माणूस. त्यांना सगळं तिथल्या तिथं कळलं. भाऊजींचा हात अजून त्यांच्या पायावर होता.

"सांगतलं होतं," मामाजी म्हणाले.

मग घसा साफ केला. "पण तो शेवटचा डाव्या अंगानं गेला कसा? तिथं तुहा माणूस होता कुठी?"

भाऊजी उठले नाहीत. तिथंच उकिडवे बसले आणि त्या वाकड्या बोटानं मातीत रेघा ओढून दाखवायला लागले, कोण कुठं उभा होता आणि कोण सरकला. बसवाला हॉर्न वाजवत होता. मामाजींनी काठी माझ्या हातात दिली आणि गुडघे धरत त्यांच्या शेजारी खाली बसले.